चार घास

"आई, पानात काही टाकू नकोस. ज्यांच्याकडे जेवायला जायचे आहे, त्यांना मी तुझेच उदाहरण दिले आहे." कुवेतला उतरताच हेरंबाने मला, म्हणजे त्याच्या जन्मदात्रीला, असे बजावले. हॉटेलांत वाया जाणारे अन्न कमी करण्याचे काम त्याची कंपनी करते. बारा हॉटेलांच्या मालकीणबाई उम्म सालेम यांनी करारावर सही करण्यापूर्वी आम्हांला घरी जेवायला बोलावले होते. पंच्याहत्तर वर्षांत मी पानात शीतही टाकलेले नाही.

केशरभात संपवून मी ताट स्वच्छ केले. उम्म सालेम यांनी स्वतः उठून पुन्हा वाढला. तोही मी संपवला. त्यांनी पुन्हा वाढला. चौथ्या वेळी मला बसवेना.

"आई, यांच्याकडे रिकामे ताट म्हणजे पाहुणा अजून भुकेला," हेरंब कुजबुजला. "थोडे टाकल्याशिवाय त्या थांबायच्या नाहीत."

"हे शहाणपण आधी सुचले नाही वाटते?"

मी चार घास तसेच ठेवले आणि मान खाली घातली. उम्म सालेम काहीतरी बोलल्या. "आता कुठे पाहुणीचे पोट भरले, म्हणतात," हेरंबाने सांगितले. मग त्यांनी प्रसन्न मनाने करारावर सही केली.

माझ्या पंगतीत मी स्वतः जिलबीचा आग्रह करीत असे, आणि पानात टाकणाऱ्यांना पन्नास वर्षे नावे ठेवीत आले. परतल्यावर त्या सर्वांना जेवायला बोलावणार आहे. ज्याने त्याने आपल्या हाताने वाढून घ्यावे, असा माझा आग्रह राहील.