जिताड्याच्या घशातलं पातं

"निशा, मासा कुठे आहे?" आंघोळ करून आलेल्या मुकुंदने विचारलं.

"चौलकर काकूंना दिला. मोठा जिताडा मिळाला की पहिला त्यांना, तुम्हीच म्हणता ना?"

मुकुंदने घाईने सदरा अंगात घातला. सुटेना म्हणून गळ माशाच्या घशातच राहिला होता, आणि त्या गळाच्या तारेवर माशाला भुलवायला फिरणारं चकचकीत पातं त्याने शेजारच्या या काकूंच्याच चमच्यातून कापलं होतं. खिरीच्या डब्याबरोबर आलेला तो जाड चमचा त्याने ठेवून घेतला होता आणि काकूंना सांगितलं होतं, "डब्यात चमचा नव्हताच." मग भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं, "माझ्या रुखवतातला चमचा या बयेने खरकट्यात फेकला." काकू सुनेला बोलायच्या आणि इकडे मुकुंद कानशीने चमच्यावरचं नाव घासत बसायचा.

तो धावत गेला तेव्हा काकू विळीवर बसल्या होत्या. मासा चिरून झाला होता. त्यांनी ते पातं पदराला पुसलं आणि उजेडात तिरकं धरलं. ठिपक्याठिपक्यांनी ठोकून घातलेलं नाव, पुरतं गेलं नव्हतं.

"काकू, मी..."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी सुनेला हाक मारली. आता आणखी काय चुकलं, अशा चेहऱ्याने ती हात पुसत आली.

"चुकलं गं माझं," काकू म्हणाल्या. "चमचा तू नव्हता फेकलास."

सून गोंधळली. मग तिला दारातला मुकुंद दिसला.

"उभे का दादा? बसा ना. चहा टाकते."