नमुन्यातलं पुस्तक

प्रबंधांच्या संदर्भसूचीची मांडणी बदलून देणारं, सगळ्यांसाठी खुलं संकेतस्थळ मी देवपूरच्या घरातून चालवतो. ते कसं वापरायचं हे समजावताना नमुना म्हणून बायकोचं नाव टाकलं आणि ती लिहीत असलेल्या ‘खानदेशी वांगी’ या पुस्तकाचंही. पोरांनी तो नमुना न पुसताच प्रबंध छापले. एकाचं पाहून दुसऱ्यानं उचललं. आज जळगावहून एका विद्यार्थिनीचा फोन आला. “भाऊ, सुलक्षणाबाईंचं पुस्तक कुठंच मिळत नाही.” “ताई, ते अजून लिहूनच झालेलं नाही!” “असं कसं? आमच्या सरांनी तर वाचलंय. शेवटचं प्रकरण फारच आवडलं म्हणाले.” मी चक्रावलो. मला न सांगता हिनं छापलं की काय? फोन स्पीकरवर होता. भरताचं वांगं भाजता भाजता सुलक्षणा थबकली. “अहो, सरांना विचारा ना, त्या प्रकरणात काय लिहिलंय मी? तिथंच अडलंय माझं.”