आदेशाची वाट न पाहता

"आदेशाची वाट न पाहता त्यांनी आगीत उडी घेतली," अग्निशमन केंद्राचे प्रमुख म्हणाले आणि फलकावरचा पडदा बाजूला झाला. भिंतीवर तिच्या नवऱ्याचं नाव पितळेच्या अक्षरांत उभं राहिलं. टाळ्या थांबेपर्यंत ती मान खाली घालून उभी होती. रंगाच्या गोदामाला आग लागली त्याला आज वर्ष झालं होतं.

दुपारी त्याच्याच नावाच्या बागेचं उद्घाटन होतं. फीत तिच्या हातून कापून घेतली. मग नगराध्यक्षबाई बोलायला उठल्या. चांगलं बोलल्या, मनापासून बोलल्या. फक्त एका जागी हातातल्या कागदाकडे बघून म्हणाल्या, "आदेशाची वाट न पाहता."

तिने दचकून वर पाहिलं.

दीर सकाळपासून तिला आपल्या गाडीतून नेत-आणत होता. तो अग्निशमन केंद्रातच बंबावर ड्रायव्हर होता. गणवेशातच होता. गाडी सुरू झाल्यावर तिने विचारलं, "भाऊजी, बाईंना हे कोणी सांगितलं?"

"काय?"

"आदेशाची वाट पाहिली नाही म्हणून."

"मानाने बोलतायत, वहिनी. मानाने घ्या."

"मानाने बोलतायत की मोजूनमापून?"

त्याने हॉर्न वाजवला. पुढे रस्ता मोकळाच होता.

"शेजाऱ्यांकडचा पेपर आणायचा तरी हे दारातून दोनदा विचारायचे," ती म्हणाली. "सासूबाई म्हणायच्या, आमचा थोरला स्वप्नंसुद्धा परवानगी काढून बघतो." दीर हसला नाही. "त्या दिवशी बंब तुम्हीच नेला होता ना?"

"हो. पण मी आत नव्हतो गेलो. मी बंबातच होतो."

"आणि वायरलेस बंबातच असतो."

त्याने गिअर बदलला. मग समोर बघत म्हणाला, "माझी अजून अकरा वर्षं नोकरी आहे, वहिनी."



संध्याकाळी स्मृतिसभेला सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठावर चढताना अग्निशमन केंद्राच्या कारकुनाने तिच्या हातात एक कागद दिला. "तुम्हाला दोन शब्द बोलायचेत, ताई. टाईप करून आणलंय. नुसतं वाचलंत तरी चालेल." खुर्चीत बसून तिने कागद उघडला. दुसऱ्याच ओळीत ते होतं: माझे पती आदेशाची वाट न पाहता. खाली तिचं नाव, आणि सहीसाठी जागा.

"वाचा बिनधास्त," शेजारून प्रमुख हळूच म्हणाले. "मी स्वतः तपासलंय."

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि माईकपाशी गेली.

"मला भाषण येत नाही. मला एकच विचारायचंय. आमचे हे सतरा वर्षं नोकरीत होते. सतरा वर्षांत आदेशाशिवाय एक पाऊल पुढे टाकलं नाही त्यांनी. छप्पर खाली यायला लागलं होतं, बाकीचे सगळे बाहेर आले होते. तेव्हा यांना 'आत जा' असं कोण म्हणालं?"

कुणीतरी खोकलं. पुढच्या रांगेत एकाने टाळी वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली.

दुसऱ्या रांगेतून दीर उभा राहिला. त्याने टोपी काढली. "वायरलेसवर मी होतो. आदेश मी ऐकला," तो म्हणाला. आवाज इतका खोल गेला होता की मागे काही ऐकू गेलं नाही. मागच्यांना एवढंच दिसलं, की गणवेशातला एक माणूस टोपी काढून उभा आहे. त्यांना वाटलं, श्रद्धांजली सुरू झाली. एकेक करत खुर्च्या सरकल्या. बघता बघता सगळं सभागृह उठलं. व्यासपीठावर नगराध्यक्षबाई उठल्या, दारातला कारकूनही हात बांधून उभा राहिला.

प्रमुख तेवढे बसून राहिले.