घराची तपासणी

नातू पहिल्यांदाच आठ दिवस राहायला येणार, म्हणून आजोबांनी लेकीची प्रत्येक अट पाळली. डासांची कॉइल फेकली, फिनेल शेजाऱ्यांना देऊन टाकलं, चाळीस वर्षांची बिडी सोडली. गेलेल्या बायकोच्या कपड्यांतल्या डांबरगोळ्यासुद्धा एकेक करून वेचून काढल्या.

लेकीने खोली न् खोली हुंगून पाहिली. "पास झालात, बाबा!" म्हणाली, आणि पिशवीतून सुगंधी स्प्रे काढून बाळाच्या पाळण्याभोवती फुसफुस मारला.

"अगं, हे काय?"

"नॅचरल आहे, बाबा. डब्यावर पान काढलंय, बघा की!"

बाळ लागोपाठ तीनदा शिंकलं. लेकीने त्याला उचलून छातीशी धरलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागली.



"खरं सांगा बाबा, बिडी सोडलीच नाही ना तुम्ही?"