सैल नॉक

उज्ज्वलाने फायबरचा बाण उन्हात धरून त्याचं मागचं टोक पाहिलं आणि तीन पुड्या शिवांजलीपुढे सरकवल्या. "यातला कोणता नॉक बसंल? निवड."

शिवांजलीने गुलाबी उचलला.

"रंग बघू नको."

नॉक म्हणजे बाणाच्या शेपटाला बसणारा प्लॅस्टिकचा एवढासा तुकडा. त्याच्या खाचेत धनुष्याची दोरी अडकते. शिवांजलीला हे आजच कळत होतं. खेळाडूंच्या राखीव जागेवर तिला नोकरी लागली होती आणि परवा संभाजीनगरला खेळाच्या प्रमाणपत्राची पडताळणी होती. तिने आयुष्यात धनुष्य ओढलं नव्हतं.

तिचे वडील, संगमेश्वर सर, बाजेवर बसले होते. धर्मापुरीच्या शाळेमागच्या माळावर त्यांनीच उज्ज्वलाला सहा वर्षं तिरंदाजी शिकवली होती. आता त्यांचा उजवा हात थरथरायचा.

"चार बाण कसेबी मारील ती," सर म्हणाले. "पण नॉक बसवायला सांगितला, तर तिथंच पकडतील. तुझ्याइतकं हे कुणाला जमत न्हाई, पोरी."

प्रमाणपत्र कुठून आणलं, हे उज्ज्वलाने विचारलं नव्हतं. सरांना नाही म्हणणं तिला जमलं नव्हतं.

"जोर न लावता बसला पायजे," ती शिवांजलीला सांगू लागली. "मग दोरीत घालायचा. बारीक टक् वाजतं. बाण दोरीला नुसता लटकून ऱ्हायला पायजे, अन् टिचकी मारली की पडला पायजे. लई घट्ट असला तर बाण वाकडा जातो. सैल असला तर आधीच निसटतो."

तिसऱ्या खेपेला शिवांजलीने बरोबर पुडी निवडली. उज्ज्वलाने तिच्याकडून टोकाला डिंकाचा थेंब लावून घेतला, बाणाच्या तीन पिसांतलं वेगळ्या रंगाचं पीस खाचेला आडवं येईल असा नॉक फिरवून घेतला.

"ताई, स्पर्धेचंपण विचारतील ना? मी पाठ केलंय." शिवांजलीने फाइलमधून कागद काढले.

"ते राहू दे," सर घाईने म्हणाले. पण कागद उज्ज्वलाच्या हातात आले होते.

अमरावती. शिवांजलीचं नाव. तिसरा क्रमांक. खाली गुणांचा तक्ता. शेवटच्या ओळीवर तिची नजर थांबली. दहा, नऊ, नऊ, दहा, आठ, शून्य.

चार वर्षांपूर्वी अमरावतीच्या मैदानावर सगळ्यांना नंबरानेच हाक मारत होते. फॉर्म सरांनी भरला होता; त्यावरचं नाव तिने पाहिलं नव्हतं. निकाल लागायच्या आत सरांनी तिला एसटीत बसवलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "चौथी आलीस. त्या शून्यानं घात केला." ती आठवडाभर नीट जेवली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक बाणाचा नॉक ती स्वतः बसवायची, दहादा तपासायची.

"सर, हे माझे बाण हायेत."

सर चष्मा पुसू लागले. "हिचंबी बघावं लागत होतं, उज्ज्वला. तुला काय, तू पुढच्या साली पुन्हा मारशील, असं वाटलं."

"पुढच्या साली मला कुठं नेलं तुमी?"

शिवांजली हातातला बाण तसाच धरून होती.

उज्ज्वलाने डिंकाच्या नळीला टोपण लावलं. कागद शिवांजलीपुढे ठेवले.

"हा शेवटचा शून्य कावून, ते विचारतील," ती म्हणाली. "नॉक सैल होता म्हण. ओढताना बाण दोरीवरून निसटला."

"सैल कसा काय?"

"सरांनी बसवलेला होता."

शिवांजलीने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. मग तिने वही उघडली आणि उत्तर लिहून घेतलं.