तिचं माप

घरमालकाने भिंतीला खिळासुद्धा ठोकू नका म्हणून बजावलं होतं. तरी दवाखान्यात दाखल व्हायच्या आत तिने भाड्याच्या त्या कळकट स्वयंपाकघराचं रूपडं पालटून टाकलं. नुसती उभी करायची उंच मांडणी, चाकांवरचा उंच ओटा, काचेच्या बरण्यांवर ठळक अक्षरांत ‘मीठ’, ‘साखर’. वर म्हणाली, "साधंच तर ऑपरेशन आहे."

जन्मात कधी चहाचं आधणही न ठेवलेल्या नवऱ्याची हसून मुरकुंडी वळली. "अगं, गावभर लोकांचे कपडे शिवतेस आणि स्वतःचंच माप चुकलीस? टाचा उंचावल्यास तरी तुझा हात पोचेल का त्या फळीला?"

तिने दाराशी भरून ठेवलेली पिशवी उचलली.


"चुकलं नाही, अहो. माप तुमचंच घेतलंय."