टोबायसची किल्ली

याही दाराला किल्ली लागली नाही. टेसीने ती हलकेच बाहेर काढली, रुमालात गुंडाळली आणि घरमालकिणीचे आभार मानले.

"दर उन्हाळ्यात अमेरिकेहून कोणीतरी येतंच," रस्त्यावर आल्यावर विनिफ्रेड म्हणाली. "प्रत्येकाला पूर्वज सरदारच हवा असतो. कोष्ट्याचं घरही चालेल म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या." विनिफ्रेड एल्डरफोर्डच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनासभेतली जुनी बाई. पाहुण्यांना गाव दाखवायचं काम आपसूक तिच्याकडे आलं होतं.

"कोष्टी असो नाहीतर चांभार," टेसी म्हणाली. "दार सापडलं म्हणजे झालं."

किल्ली लोखंडी होती, वीतभर लांब. टेसीचा पूर्वज टोबायस हॅडली ती खिशात घालून इंग्लंडहून जहाजात चढला आणि पेनसिल्वेनियात उतरला. मागे सोडलेल्या घराची किल्ली, असंच हॅडलींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. टोबायस स्वतः एल्डरफोर्डबद्दल कधी बोलला नाही. कोणी विचारलं तर मान खाली घालून बसे. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊकच होतं. त्या काळी क्वेकरांना धर्मापायी तुरुंगात टाकत. आम्हा क्वेकरांतल्या कुठल्याही जुन्या घराण्यात तुरुंग भोगलेला एक पूर्वज असतोच. नव्या घराच्या एकाही दाराला टोबायसने कुलूप लावलं नाही, यात सगळं आलं.

टेसी त्याच घरात वाढली. चुलीच्या वर ही किल्ली टांगलेली असे. धाकट्या भावाचा, एनॉकचा हात पोचत नसे, म्हणून ती त्याला उचलून घेई. त्याच्या अंगाला दुधाचा आणि लाकडाच्या धुराचा वास यायचा. तो वास तिला अजून आठवे.

"आत्या, दमलीस का?" मार्थाने विचारलं. मार्था एनॉकची मुलगी.

"नाही."

"मग काहीतरी बोल. सकाळपासून गप्प आहेस."

सकाळी हॉटेलात फोन आला होता. एनॉक गेला.

मंदीत शेत गेलं तेव्हा एनॉकने तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी धरली होती. पुढच्या रविवारी सभेच्या शांततेत टेसी उठून उभी राहिली. "ज्याच्या पूर्वजाला कुलपाआड कोंडलं, त्यानेच दुसऱ्यांना कुलपात घालावं, हे मला सोसत नाही," एवढंच ती म्हणाली. सभेत कोणाला उलटून उत्तर द्यायची आमची रीत नाही. बोलणं शांततेत मुरू द्यायचं. एनॉक शेवटपर्यंत बसून राहिला. मग हॅट घालून निघून गेला, तो पुन्हा सभेत आला नाही. टेसीही त्याच्या घरी गेली नाही.

या वसंतात मार्था दारात येऊन उभी राहिली होती. "बाबांचं आता काही खरं नाही. सारखं तुझं नाव काढतात."

"येईन," टेसी म्हणाली होती. "आधी टोबायसचं घर बघून येते."

आमच्यात शपथ घेत नाहीत. येईन म्हटलं म्हणजे यायचंच असतं. म्हणून मार्थानेच तिला इंग्लंडला आणलं, जितक्या लवकर जाऊ तितक्या लवकर परतू या हिशेबाने.

"तू त्यांना क्षमा करणार होतीस ना?" मार्थाने आता विचारलं.

"हो. त्या उंबऱ्यावर उभी राहून ठरवणार होते."

"इतकी वर्षं कमी पडली ठरवायला?"

टेसीने रुमालाची गाठ घट्ट केली. विनिफ्रेड जरा पुढे जाऊन थांबली होती.

"बाजारामागे एक दार राहिलंय," ती म्हणाली. "कुलूप त्याच काळातलं. पण ते काही घर नाही."

"मग काय आहे?"

"सध्या माझ्या भाच्याची बटाट्याची कोठी."

मार्थाला हसू फुटलं आणि ती लगेच ओशाळली.

"आलोच आहोत तर बघू," टेसी म्हणाली.

दगडी भिंतीत बसकं, जाड दार होतं. विनिफ्रेडने भाच्याचं टाळं काढलं. जुनं कुलूप खाली तसंच होतं. भाचा त्याला हौसेने तेल घाली. टेसीने किल्ली घातली. किल्ली अडली, मग कुरकुरत पूर्ण फिरली.

तिने ती उलटी फिरवून काढून घेतली आणि दार ढकललं. आत बटाट्याची पोती होती, वर हाताएवढा झरोका, भिंतीत एक लोखंडी कडी.

"इथे आमच्या लोकांना कोंडायचे," विनिफ्रेड म्हणाली. "हिवाळ्यात इतकी दाटी व्हायची की बसायला जागा नसे. कितीतरी जण इथेच गेले."

टेसीने भिंतीला हात टेकला. "म्हणजे तो इथे होता."

"इथे असणारच," विनिफ्रेड म्हणाली आणि रस्त्याकडे बघू लागली.

"मार्था, मला आत राहू दे जरा. दार ओढून घे. त्याने सोसलं ते मला एकदा कळू दे."

मार्थाने दार ओढलं. अंधार झाला. एनॉक, हे सगळं तू विसरलास रे, टेसी मनात म्हणाली. तरी तिला त्याची माया आली, आणि त्या उंबऱ्याच्या आत उभं राहून तिने त्याला क्षमा केली. मग किल्ली हातात घेऊन ती दार चाचपू लागली. वरपासून खालपर्यंत सपाट फळ्या हाताला लागल्या. तिने पुन्हा चाचपून पाहिलं.

"मार्था," तिने हाक मारली. "आतून किल्लीचं भोक कुठे आहे?"

"आतून नसतं, आत्या," बाहेरून मार्थाचा आवाज आला. "किल्ली पहारेकऱ्याकडे असते. बाबांच्या कमरेलाही असायची."